ओसाकाकाका

मराठी माणसांच्या बैठकीत गाण्याचा आग्रह झाला की कुणी नाट्यगीत म्हणे, कुणी भावगीत. काका डोळे मिटून, छातीवर हात ठेवून जपानी गाणं म्हणत. तेही सोळा वर्षांच्या मुलामुलींचं. शाळेचा शेवटचा दिवस, सायकलवरून जाणारी ती, समुद्र, बोलायचं राहून गेलेलं काहीतरी. काका तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते आणि डोक्यावर चकाकणारं टक्कल होतं. पहिलं कडवं संपेपर्यंत मंडळी हळूच बटाटेवड्यांकडे सरकलेली असत. सांता क्लारातली सगळी मराठी मुलं त्यांना ‘ओसाकाकाका’ म्हणत. त्यांना ते कळलं होतं, आणि आवडलंही होतं.

काका बाबांचे कॉलेजातले मित्र. तरुणपणी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी ओसाकाला पाठवलं, आणि तिथून पुढे ते कॅलिफोर्नियात आले. मी पुण्याहून एम.एस. करायला आले तेव्हा ‘मुलगी एकटी नको’ म्हणून बाबांनी माझी सोय त्यांच्याकडे केली. रोज सकाळी काका मला कॉलेजला सोडत. गाडीत कॅसेट लागलेली असे. ओसाकाचा एक जुना मित्र अजून नव्या नव्या पाठवायचा. दर ओळीनंतर काका टेप थांबवत. “थांब, हे समजून घे.” मग अर्थ. मग टेप मागे नेऊन पुन्हा तीच ओळ. तेवढ्यात कॉलेज येई. त्या गाडीत मी एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. हे त्यांना सांगावंसं फार वाटे. पण मी मुळातच कमी बोलायचे, आणि माझं कॉन्व्हेंटमधलं मराठी काकांसमोर आणखीच अडखळायचं.

“सेइशुन,” ते स्टिअरिंगवर बोट आपटत म्हणायचे. “शब्दशः निळा वसंत. आपल्याकडे याला शब्दच नाही बघ. तारुण्य म्हटलं की आपल्याला लगेच लग्न आठवतं! अगं, हे वय परत येत नाही. घालवू नका.”

त्यांच्या मीनाने शाळेच्या डान्सला जाऊ का विचारलं, तेव्हा मात्र उत्तर आलं, “नऊच्या आत घरी येणार असशील तर विचार करू.” डान्स आठला सुरू होणार होता.

“डॅड, आय ॲम द वन हू इज सिक्स्टीन!” मीनाने खोलीचं दार आपटलं.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ. हेच. अगदी याच भावनेवर एक सुंदर गाणं आहे.”

शेवटच्या सत्रात मला चँडलरला नोकरी मिळाली. चिपच्या कारखान्यात, मला हवं होतं तेच काम. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. बाबा फोनवर म्हणाले, “काका म्हणतील तसं कर.” काका म्हणाले, “ॲरिझोना? वाळवंट आहे ते. तिथे आपलं कोण आहे? इथेच बघू काहीतरी.”

“इथे मिळालं नाही, काका.”

“मिळेल गं. घाई काय आहे?”

रोज मी मनात एक वाक्य जुळवून त्यांच्यासमोर जायचे, आणि रोज ते म्हणायचे, “बरं झालं आलीस, हे ऐक.”

त्याच दिवसांत मंडळाच्या पाडव्याला आम्ही दोघांनी म्हणायचं म्हणून त्यांनी एका जपानी गाण्याचं मराठी केलं. ‘गाडी सुटली, मी निघालो, फलाटावर तू राहिलीस.’ मी प्लॅटफॉर्म म्हटलं की ते थांबवत. “फलाट म्हण. फलाट.” निघणं त्यांच्या वाट्याला होतं. माझ्या वाट्याला ‘मी राहिले, मी राहिले’ हे पालुपद होतं.

मी विचारलं, “काका, जपानीत क्रियापदावरून कळतं का, कोण जातंय?”

“नाही. त्यांच्यात गेलो-गेले असलं काही नसतं. ‘मी’सुद्धा गाळतात.”

“मग मुलगी जात असेल तर?”

“ती कशी जाईल? गाण्याचा भाव बघ ना, बाळ.”

त्या शनिवारी त्यांच्या ऑफिसातले हायाशी आणि त्यांची बायको जेवायला आले. जेवण झाल्यावर काकांनी तेच गाणं मूळ जपानीत म्हटलं. हायाशीबाई तोंडावर हात धरून हसल्या. त्या शाळेत होत्या तेव्हाचं होतं ते. इंग्रजीत मला जरा धीर यायचा. मी विचारलं, “यात फलाटावर कोण राहतं?”

बाई गोंधळल्या. “फलाट? गाण्यात स्टेशन नाही. शाळेपुढचा उतार आहे. कुणीतरी तो उतरून जातं आणि वळून बघतं.”

“कोण? मुलगा?”

“गाणं सांगत नाही.” मग जराशा लाजून म्हणाल्या, “मला आपलं नेहमी वाटायचं, ती मीच.”

“नो, नो,” काका म्हणाले, “ट्रेन आहे. नक्की आहे.”

“आहे ना,” भाताचं भांडं उचलत काकू मराठीत म्हणाल्या. “मिरजेचं स्टेशन आहे ते. हे ओसाकाला निघाले तेव्हा फलाटावर मी होते. तुलाही यायचंय का, असं मला कुणी विचारलं नव्हतं.”

हायाशी पतिपत्नी न कळता हसले. काका पाणी प्यायले.

आता ते माझ्याशी बोलतील, असं मला वाटलं. बोलले नाहीत. रविवारी नाही, सोमवारी नाही. सकाळी गाडीत कॅसेटसुद्धा लागेना. ज्या शांततेसाठी मी इतके दिवस तळमळले, ती मला सोसवेना. शेवटी शुक्रवारी मी कॉलेजातूनच चँडलरला फोन करून होकार दिला आणि संध्याकाळी घरी सांगितलं, “काका, मी जातेय.” जाऊ का, असं विचारलं नाही. त्यांनी “बरं” म्हटलं आणि पेपर उघडला. पाडव्याला घसा बसल्याचं सांगून ते गायलेही नाहीत.

मी निघायच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. बाबा भडकलेले होते, हे रिसीव्हर कानापासून लांब धरून उभ्या असलेल्या काकांकडे बघूनच कळत होतं. बराच वेळ ऐकून घेतल्यावर काका म्हणाले, “अरे, तिला कशाला बोलतोस? मी पाठवतोय तिला.”

मी दारात उभी होते. संतापाने डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस एक शब्द नाही, आणि आता हे पाठवणार! मी पुढे झाले, तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला.

“असू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “आता बाबा त्यांना बोलतील. तुला नाही.”

तसंच झालं. बाबा माझ्याशी चारच दिवसांत नीट बोलू लागले.

नंतर काका-काकू चँडलरला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा काकांनी माझ्या शेजाऱ्यांना, माझ्या मॅनेजरला, वाण्याच्या दुकानातल्या गुजराती बाईलाही अभिमानाने सांगितलं, “हिला इथे मी पाठवली.” अजूनही सांगतात. प्रत्येक वेळी माझ्या तोंडाशी येतं की काका, तुम्ही नाही पाठवलंत, मी निघाले. पण बाबांनी त्या फोननंतर त्यांच्याशी बोलणं टाकलंय, आणि मी गप्प बसते.