नाझिल्दावहिनी आणि वेलीतली साळू

आमच्या खाडीकाठी असाईच्या ताडासारख्या झाडांवर, जांभळ्या फळांचे घड काढायला, चढणाऱ्या बायका थोड्या, आणि पन्नाशीला टेकूनही चढणारी एकच: माझी वहिनी नाझिल्दा. माझा भाऊ देउझिमार झाडावरून पडला, त्याचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून तो खाली टोपलीपाशी बसायचा आणि ती वर जायची. होडीतून जाणारे टोमणे मारायचे, "काय देउझिमार, बायको वरून टाकते ते नीट झेलतोस ना?" तो हसून हात हलवायचा. पण घरी परतल्यावर चढायचा दोर स्वतःच्या पायांत अडकवून बघायचा आणि काढून ठेवायचा.

त्या सकाळी आम्ही तिघंच होतो, शिवाय दादाचा कुत्रा. रात्रभर पाऊस झाल्यानं खोडं निसरडी होती. वहिनीनं सालीचा दोर दोन्ही पायांत अडकवला, कमरेला सुरा खोचला आणि ती सरसर वर गेली. शेंड्याजवळ शेजारच्या रानआंबाड्याच्या झाडावरून एक जाड वेल येऊन असाईच्या खोडाला गुंडाळली होती. घडापर्यंत हात पोचेना, म्हणून तिनं ती वेल तोडली.

वेलीच्या जाळीत साळू झोपलेली होती.

ही आमच्याकडची झाडावर राहणारी साळू, काटेरी साळिंदराचीच जात. दिवसभर पानांच्या गुंत्यात झोपते, जमिनीवर क्वचितच उतरते. वेल सुटताच ती वहिनीच्या पायाखाली खोडाला चिकटली. शेपटीचा वेढा खोडाला, चारही पंजे रुतलेले, काटे ताठ. तिचा कुबट वास खालपर्यंत आला. कुत्रा भुंकायला लागला, आणि घाबरलेलं ते जनावर खाली यायचं सोडून वर सरकू लागलं.

"वहिनी, खाली बघ!" मी ओरडले.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "आधी त्या कुत्र्याला गप्प कर."

मी कुत्र्याचं तोंड आवळून धरलं. वर जायला वहिनीला जागा नव्हती, शेंडा तिच्या वजनानं आधीच वाकला होता. तेवढ्यात मागे दादानं होडीतली बंदूक आणलेली मला दिसली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, अरे तिला लागेल!"

"मग काय करू? बघत बसू?"

"देउझिमार," वरून वहिनीचा आवाज आला, हळू आणि सपाट. "बंदूक खाली ठेव. छर्रा मला लागला तर मी पडेन. साळूला लागला तर ती माझ्या पायाला बिलगेल."

त्यानं बंदूक ठेवली नाही. साळू आणखी वीतभर वर सरकली. वहिनीनं एक पाय दोरातून सोडवून पोटाशी घेतला. आता ती एकाच पायावर आणि दोन हातांवर लटकली होती.

"साळू उडी मारत नाही," वहिनी म्हणाली. "तिला धरायला फांदी लागते. तिचा रस्ता मीच तोडलाय. आंबाड्यावरून लोंबणारं ते वेलीचं टोक दिसतंय का? ओढ ते. फांदी इकडे आण."

तेव्हा दादानं बंदूक टाकली. लंगडत चिखलात गेला, वेलीचं टोक हाताला गुंडाळून मागे झुकला. मीही कुत्र्याला होडीला बांधून त्याच्या मागे वेल धरली. फांदी करकरत वाकली, असाईच्या खोडाला टेकली. साळूनं नाक हलवलं. एक पंजा फांदीवर टाकला, मग दुसरा. पुढचं अंग पलीकडे गेलं, पण शेपटी खोडाला तशीच आवळलेली.

"सोडू नका," वहिनी म्हणाली. "आत्ता सोडलंत तर फांदी उसळेल, शेपटीनं खोडाला हिसका बसेल, आणि मीही पडेन."

दादाचा लंगडा पाय चिखलात घसरत होता. त्याच्या तोंडून विचित्र आवाज निघत होता, पण वेल त्यानं सोडली नाही. साळूनं मागचे पाय उचलले, फांदी पकडली, आणि सगळ्यात शेवटी शेपटीचा वेढा उलगडला. जाता जाता तिचा पाठीमागचा भाग वहिनीच्या टाचेला घासून गेला.

वहिनी खाली उतरली ती एका पायावर. टाचेत आणि पोटरीत काटे रुतले होते. दादानं पक्कड घेतली आणि एकेक काटा सरळ ओढून काढला. काट्याच्या टोकाला उलटी खवलं असतात, ती मांस धरून ठेवतात. वहिनी कण्हली नाही. फक्त म्हणाली, "घाई करू नकोस."

घरी मी असाईचा रस आणि कसाव्याच्या कंदाचं भरड पीठ वहिनीपुढे ठेवलं, तर वाडगा तिच्या हातातून निसटू लागला. वर असताना नसलेली भीती आता आली होती. दादानं वाडगा धरला, ती प्यायली. दोघांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

पाय सुजला, पू झाला. त्या हंगामात ती पुन्हा चढली नाही, मी चढले. पहिल्याच दिवशी अर्ध्यावर मी खोडाला मिठी मारून थांबले. खाली टोपलीपाशी ती दोघं बसलेली.

"वहिनी, मी उतरते," मी म्हटलं.

"उतर की," ती म्हणाली. "पण आता वर गेलीच आहेस, तर तो घड घेऊन ये."

"आणि वेल आधी हलवून बघ," दादा म्हणाला.