काळ्या मातीचे बैल

सेलूला गाडीतून उतरलो तेव्हा पिशवीत कपडे थोडे आणि पुस्तिकाच जास्त होत्या. पुस्तिका मीच लिहिलेली. निजामाच्या अमदानीत पोरांना छडीशिवाय काही मिळाले नाही; आता शाळेत खेळणी आली पाहिजेत, तीही विकतची नव्हेत, गावच्या मातीची, असा तिचा ठाम दावा. वालूरपर्यंत बैलगाडी. दोन्ही अंगांना हिरवी ज्वारी, मधूनच मेंढरांचे कळप.

खेळणी शिकवायला मी घेणार होतो त्या शिबिरात बारा मास्तर, बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांतले धोंडीराम मास्तर जुने मुदर्रिस (शिक्षक), पण अजून हंगामी. शिबिराचा दाखला मिळाला तर कायम, नाही तर घरी. आणि दाखला देणार मी!

शेतातली काळी माती मळा, बैल करा, सावलीत वाळवा, असे पुस्तिकेत होते. सगळ्यांनी मुकाट्याने केले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर एकूण एक बैल फाटलेला. पाठीला भेगा, शिंगे गळालेली. मी भडकलो. जुना आळस, पोरांविषयी आस्था नाही, तोंडाला येईल ते बोललो.

त्या संध्याकाळी धोंडीराम मास्तरांनी जेवायला नेले. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी). समोरच्या भिंतीतल्या देवळीत मातीचे बैल मांडलेले. अखंड. मी एक उचलला. मास्तर गडबडले, बोलल्या त्या त्यांच्या बाई.

"पांढरीचे हायत ते (गावठाणातल्या मातीचे). मेंढीची लोकर घालून मळल्यात. काळी वाळली की फाटणारच. उन्हाळ्यात रान बघितलं न्हाई का तुमी?"

मग शिबिरात का बोलला नाहीत, मी मास्तरांना विचारले.

"मागं एका साहेबाला म्हणलो व्हतो, किताब चुकलाय म्हणून. पार राणीसावरगावला बदली झाली."

"मी तसला साहेब नाही."

"दुपारी तुमी वरडायलेलं हितवर ऐकू आलं," बाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी येसर वाढले.

सकाळी वर्गात सांगितले की पुस्तिकेतले पान चुकले आहे, चूक माझी. बारा जणांपैकी एकालाही नवल वाटले नाही. सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. माती फाटणार हे ठाऊक असून तीन दिवस मळत बसले होते. दुपारपर्यंत पांढरीचे बैल तयार झाले. पुस्तिकेत आणखी काय चुकले आहे, असे विचारले. सगळे आपापल्या बैलांची शिंगे सारखी करू लागले.

निघताना मास्तरांना म्हणालो, चूक तुम्ही दाखवलीत हे दाखल्यावर लिहितो. त्यांनी माझा हात धरला.

"लय उपकार व्हतील साहेब, तेवढं कागदावर घालू नका."

घातले नाही. नुसते 'उत्तीर्ण' लिहून सही केली. गाडीत बसल्यावर संताप आला, आणि सवयीने निजामावर काढायला गेलो. पण निजाम तर कधीच गेला होता. इतके दिवस वालूरच्या त्या वर्गात साहेब म्हणून उभा होतो तो मी.