गोळी सोडली, दुधी प्यायलो

दुधीभोपळा किसल्याचा वास आला तरी अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं; ओकारीच्या आधी सुटतं तसलं. मंडईत मी दुधीच्या ढिगाजवळून जात नाही. बायको म्हणते, "भाजीनं काय घोडं मारलं तुमचं?" तिचं बरोबर आहे, पण शिसारीला ते कळत नाही.

चितेगावच्या एका कारखान्यात मी यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. कंपनीत दरवर्षी तपासणी होते. त्यात एकदा कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. माझे वडील हृदयविकारानं गेलेले, म्हणून मी घाबरून शहरातल्या एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रिपोर्टमधून मान वर न काढता गोळी लिहून दिली. रोज झोपताना एक, कायमची. मी निमूट सुरू केली.

महिना-दीड महिन्यात मांड्या दुखायला लागल्या. दिवसभर उकिडवं बसून कांदे काढले की दुसऱ्या दिवशी होतं तसं दुखणं. फक्त मी कांदे काढले नव्हते, आणि हे दुसऱ्या दिवशी जातही नव्हतं. कंपनीच्या बसची पायरी चढताना दांडी धरून स्वतःला वर ओढायचो. संडासात बसलं की उठता येईना. ओल्या भिंतीला पंजा लावून, नळाला धरून उठताना मला माझ्याच देहाची किळस यायची.

डॉक्टरांना विचारलं, "गोळीनं तर होत नाही ना?"

"वय झालं की पाय दुखतातच. इंटरनेट वाचणं बंद करा."

इंटरनेट मी वाचलंच नव्हतं. मी माझ्या मांड्यांविषयी बोलत होतो. त्यांनी वर एक दुखण्याची गोळी दिली. तिनं छातीत जळजळ सुरू झाली, पाय होते तसेच राहिले.

अशात दाजी घरी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांची अडत होती. धंदा पोराच्या हाती देऊन ते आणि ताई शहरात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले होते. रिकामपणी दाजींना सगळ्यांना बरं करायचा छंद जडला होता. मी भिंतीला धरून उठताना त्यांनी पाहिलं.

"हे त्या गोळीचं काम हाय," ते म्हणाले. "आधी ती फेकून दे. उद्या सकाळी माझ्यासंगं बागेत ये."

बागेच्या फाटकाबाहेर एक रसवाला टेबल मांडून बसायचा. दुधी, कारलं, कोरफड. कोरफडीचा गर त्याच्या बोटांवरून शेंबडासारखा लोंबायचा. सगळ्यांचे ग्लास तो एकाच बादलीत बुचकळायचा, आणि त्या पाण्यावर हिरवट साय धरलेली असायची. सालींच्या ढिगावर माश्या. पहिला घोट घेतला आणि पोटातून उलटा आला.

"नाक दाब अन् गिळ," दाजी म्हणाले. "औषध हाय, बासुंदी नाय."

मी गिळला. रोज गिळत गेलो. गोळी बंद केली होती, त्यामुळे काही आठवड्यांत पाय मोकळे झाले. मी दांडी न धरता बसची पायरी चढायला लागलो. झालं, दाजींच्या अंगात संचारलं! रसवाला तर गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्या साहेबांना बघा, लंगडत आले होते." अनोळखी लोक माझ्या पायांकडे बघायचे. बाजारात बैल दाखवतात तसं वाटायचं. पाय गोळी सोडल्यानं बरे झाले की रसानं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पावसाळ्यात बागेत चिखल झाला म्हणून घरीच रस काढायला सुरुवात केली. एका रविवारी दाजी सकाळी आले होते. बायकोनं रस काढला, बोट लावून चाखला आणि ती थू करून बेसिनमध्ये थुंकली.

"अहो, हा कडू आहे. जहर कडू. नका पिऊ."

दाजी हसले. "कडू हाय तेच तर गुणकारी. जितका कडू तितकं रक्त साफ."

मी एका दमात ग्लास संपवला. जीभ आकसली, घसा सोलल्यासारखा झाला.

अर्धा तास झाला असेल नसेल, पोटात कुणीतरी ओला कपडा पिळावा तसा पीळ पडला. आधी हिरवं पडलं, मग पिवळं, मग नुसतं पाणी. उलटी आणि जुलाब एकाच वेळी. बायको बादली धरून उभी, आणि दाजी दारातून सांगतायत, "घाण निघतीय, निघू द्या." मग बादलीत रक्त दिसलं. शेजाऱ्याच्या गाडीतून मला दवाखान्यात नेलं. माझ्या अंगाचा वास मलाच सहन होत नव्हता.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्तदाब पार खाली गेलेला. सलाईन लावता लावता त्यांनी बायकोला विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"दुधीचा रस."

"कडू होता?"

बायकोनं मान डोलावली. बाईंनी नर्सला भराभर काहीतरी सांगितलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कडू दुधी विषारी असतो. माणसं दगावतात यानं."

दोन-तीन दिवसांनी मी उशीला टेकून बसण्याजोगा झालो. ताई शेजारी बसली होती. दाजी नारळपाणी आणायला खाली गेले होते.

"एक इचारू का?" ताई म्हणाली. "तू गोळी कामून सोडली?"

"दाजींनी सांगितलं म्हणून."

"त्यांनी? अरे, ते सोता तर रोज घेतात. लई दिवसांपासनं. डब्यात मीच काढून ठेवते."

"कोलेस्टेरॉलची?"

"व्हय. कुणाला सांगू नको म्हनले मला. लोकांना वाटतं ना, रसावरच धडधाकट हायेत."

दाजी शहाळं घेऊन आले. मी सरळ विचारलं, "दाजी, तुम्ही गोळी घेता?"

त्यांनी आधी ताईकडे रागानं पाहिलं. मग म्हणाले, "मला सोसते ती. तुला सोसत नव्हती."

"मग मला हे सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर रस पेला असता का तू?"

असं म्हणून त्यांनी शहाळ्यात नळी खोचली आणि ते माझ्यापुढं धरलं. मी तोंड फिरवलं. शहाळं ताईनं त्यांच्या हातून काढून घेतलं.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी हकिकत ऐकून घेतली. पाय दुखण्यापासूनची. म्हणाल्या, "ते तुमच्या मनाचे खेळ नव्हते. काही जणांचे स्नायू त्या गोळीनं दुखतात. अशा वेळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं."

"सांगितलं होतं."

"मग दुसऱ्या डॉक्टरला सांगायचं."

त्यांनी स्नायूंची आणि थायरॉइडची रक्ततपासणी केली. पोट सावरल्यावर दुसऱ्या जातीची गोळी दिली, कमी ताकदीची, एक दिवसाआड. पुढं त्याच्या जोडीला आणखी एक वेगळं औषध आलं. संध्याकाळची भजी-कचोरी सुटली, चालणं वाढलं. पोटऱ्या अधूनमधून भरून येतात, पण बस चढता येते. रक्ताचा रिपोर्ट पूर्वीपेक्षा बराच सुधारलाय.

बरा झाल्यावर मी एकदा मुद्दाम फाटकावर गेलो. रसवाला माझ्या पायांचीच गोष्ट कुणाला तरी सांगत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला. मी सगळ्यांसमोर, आवाज चढवून सांगितलं, कडू रसानं मी रक्त ओकलो ते.

"तो तुमच्या घरचा दुधी," तो थंडपणे म्हणाला. "आमचा नाय तसा." आणि त्याच बादलीत पुढचा ग्लास बुचकळला.

एका बाईनं हातातला ग्लास टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. बाकीचे पीत राहिले. त्यांच्यात दाजीही होते. मिशीला हिरवा फेस लागलेला.

ताईसाठी मी त्यांच्या घरी जातो. दाजींशी कांद्याच्या भावावर बोलतो, नातवंडांवर बोलतो. तब्येतीचा विषय त्यांनी काढला की मी उठून ताईजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसतो.