अंबिकाची थाळी आणि गुटख्याची जीभ

अंबिकाच्या नाकावर सदा राग असतो, असं बीदरच्या त्यांच्या गल्लीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. लग्न होऊन आल्यापासून जी बाई मान मोडून चांदीची तार ठोकत बसली, आणि एकाही भांड्याबरोबर जिचं नाव कुणी घेतलं नाही, तिने रागवायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

ती दुबलगुंडी गावची, शेतकऱ्याघरची. सासर बिदरीकाम करणारं. जस्त-तांब्याचं भांडं ओतायचं, छिन्नीने नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नि नवसागर घातलेल्या पाण्यात ते काळं करायचं. भांडं काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. सगळी मदार मातीवर. ऊन-पाऊस न लागलेली माती हवी आणि ती ओळखायला चिमूटभर जिभेवर ठेवायची. हा मान कर्त्या पुरुषाचा. सासरे तिप्पण्णा माती चाखायचे. त्यांनी ते मुलाला, रामकिशनला शिकवलं. सुनेने तार ठोकावी, मातीला तोंड लावू नये, हा त्यांचा कायदा होता.

तिप्पण्णा गेले आणि रामकिशन कर्ता झाला. पण सकाळी डोळा उघडल्यापासून त्याच्या गालात गुटखा. एकदा अंबिकाने चुकून चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर हा गडी बशीसुद्धा पुसून प्यायला. अलीकडे भांडी भुरकट निघत होती. रामकिशन जस्ताला नावं ठेवायचा. घरात सगळ्यांना खरं कारण दिसत होतं आणि सगळे मूग गिळून होते. अंबिकाही होती, आणि त्याचा तिला स्वतःवरही राग होता.

अशात विभाताई आल्या. या बाई शाळेत शिकवतात, पोरांना तारे दाखवायचा त्यांना नाद. त्यांना थाळी हवी होती, पण फुलं-वेलींची नको. "तुमच्याकडच्या बायका ज्या नावांनी तारे ओळखतात ना, ते आकाश काढा," त्या अंबिकाला म्हणाल्या. पहिल्यांदाच कुणी कारागीर म्हणून तिच्याशी बोललं होतं.

मग अंबिकाने दुबलगुंडीच्या खळ्यावर आईने, गीताबाईने, दाखवलेलं आकाश कोरलं. मृगाच्या पोटात घुसलेला बाण, ते तिकांडं. सप्तर्षींची, म्हणजे म्हातारीची बाज आणि तिच्या मागे लागलेले तीन चोर. कृत्तिकांचा झुबका. एकेक तारा म्हणजे चांदीचा दाणा, हलक्या हाताने ठोकलेला. डोळे चुरचुरायचे, पण असं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

थाळी काळी करायचं काम अर्थातच कर्त्या पुरुषाचं. मातीच्या पाण्यातून निघाली ती राखेच्या रंगाची. करड्यावर पांढरे तारे दिसणार कसे? ढगाळ आभाळ झालं नुसतं.

"सुकल्यावर काळी व्हतीय," रामकिशन म्हणाला.

ती व्हायची नव्हती. विभाताई संध्याकाळी येणार होत्या. अंबिका भाकऱ्या थापून कारखान्यात आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रामकिशन चिंधीने थाळीला बूटपॉलिश लावत होता. तिच्या तिकांड्यावर बूटपॉलिश!

"बघ, कशी काळीकुळकुळीत झालीय," तो म्हणाला.

तिने थाळी हिसकावून बाजूला ठेवली. मग त्याच्याकडे पाठ करून कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली, दोन्ही मुठींत माती घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरली.

"चूळ भरा आन् चाखून सांगा. किल्ल्याची कोणती?"

रामकिशनने चूळ भरली. डावीकडची चाखली, उजवीकडची चाखली. डोळे मिटून, अगदी बापासारखा चेहरा करून. "ही डावी. अस्सल हाय. दुसरी कुठनं आणलीस?"

"दोन्ही एकाच पोत्यातली हाय."

त्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, आता राग निवेल. उलट तिचा राग आणखी भडकला. कारण तिने स्वतः चिमूट जिभेवर ठेवली, तर तिलाही काही कळेना. नुसती माती, दाताखाली कचकचणारी. बापाने लेकाला दिलेली चव लेकाने गुटख्याबरोबर थुंकून टाकली होती आणि तिच्या जिभेपर्यंत ती कुणी येऊच दिली नव्हती.

तिने थाळी पदराखाली घेतली आणि पलीकडच्या आळीतल्या खाजामियाँच्या कारखान्याची वाट धरली. म्हातारे उस्ताद, तिप्पण्णांच्या बरोबरीचे. रामकिशन कमीपणा वाटून कधी त्यांची पायरी चढला नव्हता. तो मागून ओरडला, "घरची गोष्ट गल्लीत कामून न्यायलीस?"

"घरात कुणाला जीभ ऱ्हायली न्हाई म्हणून!" ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या.

"क्या होना, बेटी?" काय हवंय, असं खाजामियाँनी कामावरून मान वर करून विचारलं.

"चाचा, माती चाखायला शिकवा. मला."

त्यांनी पॉलिशचा वास मारणारी थाळी तिच्या हातून घेऊन बाजूला ठेवली. मग उठून त्यांनी दोन डबे आणले, एकात किल्ल्याची माती, दुसऱ्यात साधी. अंबिका चुकली. परत चाखली, परत चुकली. तोवर संध्याकाळ झाली, दारात विभाताई येऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे त्यांना वाट दाखवत आलेला रामकिशन, खाली मान घालून. अंबिकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर लाल माती.

"थाळी आज मिळायची न्हाई, ताई," ती वळून न बघता म्हणाली, आणि तिने पुन्हा जीभ पुढे केली.