अण्णासाहेबांची मोटार आणि सगुणाबाई मिस्त्री

परतूरला स्टेशनकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाताना एक पत्र्याची टपरी लागायची. समोरची जमीन तेल पिऊन काळी झालेली, आणि कुठल्या ना कुठल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत जोडवी दिसली की परगावचा माणूस दचकायचा. गावचा माणूस दचकत नसे. तो वाकून विचारायचा, "सगुणाबाई, किती वेळ?"

खालून उत्तर यायचं, "न्हाई विचारलं तर अर्धा तास. विचारलं तर एक."

टपरी मूळची तिच्या नवऱ्याची, भुजंग मिस्त्रीची. अठ्ठ्याऐंशी साली जॅक निसटला, गाडी त्याच्या कमरेवर बसली आणि भुजंगराव खुर्चीवर बसले ते कायमचे. त्याआधीची दहा वर्षं बाईनं त्यांच्या हातात पाने देण्यात काढली होती. "कोणता पाना कवा मागतेत हे कळलं, की मागणाऱ्याची गरज न्हाई राहत," असं ती नवऱ्यासमोरच म्हणायची. आणि भुजंगराव असे खूश व्हायचे, जणू त्यांचंच कौतुक चाललंय.

नवी गाडी असलेला माणूस जालन्याला जायचा. बाईकडे यायच्या त्या इतरांनी हात टेकलेल्या गाड्या. लांब पेचकसाचं एक टोक ती इंजिनला लावायची, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहायची. एखाद्या नणंदेची तक्रार ऐकावी तशी, अर्धी खरी अर्धी खोटी धरून. मात्र तिच्यासमोर गाडीला भंगार म्हणायची सोय नव्हती. एका गुरुजींनी म्हटलं, तर तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "गुरुजी, तुमचे दात किती राह्यले? मंग तुम्हाला टाकलं का कुणी?"

या सगळ्या गाड्यांत थोरली म्हणजे बागायतदार अण्णासाहेबांची काळी मोटार. तिचं जन्मसाल त्यांनाही ठाऊक नव्हतं. डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. म्हणून ड्रायव्हर कडूबा होता होईतो उजवीकडेच वळायचा आणि कुठेही जरा लांबच्या वाटेनं पोचायचा. टपरीची जागाही अण्णासाहेबांचीच. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या मनात आलं की ही मोक्याची जागा एखाद्या शिकलेल्या मिस्त्रीला द्यावी. चारचौघं हसून राह्यले होते ना, अण्णासाहेबांची मोटार बाई दुरुस्त करते म्हणून.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी कुंभार पिंपळगावची, लग्न तिकडेच. आपल्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते, आणि त्याची उरलेली, म्हणजे उष्टी हळद नवरीकडे पोचल्याशिवाय तिच्या अंगाला हळद लागत नाही. ही हळद न्यायची मोटारीतून. आदल्या दिवशी अण्णासाहेब टपरीवर आले.

"सगुणाबाई, उद्या दहाच्या आत हळद पिंपळगावात पाह्यजे. पोचली तर जागा तुझी, मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई पोचली तर सोमवारी टपरी उचलायची."

"अन् पोचली तर त्या हसणाऱ्यांचं काय?"

"त्यांचं तू बघ."

"बघते," बाई म्हणाली. "पण गाडीत मी बसणार. कडूबाच्या भरवशावर माझी टपरी न्हाई लावायची."

सकाळी मोटार निघाली. पुढे कडूबा आणि पान्यांची पिशवी घेतलेली सगुणाबाई. मागे आम्ही दोन पाहुणे आणि मधोमध अण्णासाहेबांची बहीण द्वारकाबाई. मांडीवर हळदीचा पितळी डबा, आणि डब्यावर दोन्ही हात.

निम्म्या वाटेवर बोनेटमधून वाफ निघाली. कडूबानं गाडी थांबवली. गाडी निवू देऊन बाईनं आत डोकं घातलं. रेडिएटर खालच्या सांध्याला पाझरत होता. कडूबानं शेतातल्या विहिरीवरून दोनदा कॅन भरून आणला, दोनदा ओतला, आणि दोन्ही वेळा पाणी खालून रस्त्यावर आलं. नऊ वाजून गेले होते. जवळचं गाव दीड कोसावर. ऊन चढलेलं, आणि कुणाचीच सावली कुणाला पुरत नव्हती.

"साबण लाव ना गं," द्वारकाबाई आतून म्हणाल्या.

"साबण पेट्रोलच्या टाकीला, आत्याबाई. इथं उकळतं पाणी हाय, वाहून जाईल. इथं हळद लागती. पाण्यात फुगून बारीक भोकात बसती." एवढं बोलून बाई थांबली. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या.

द्वारकाबाईंनी डबा पोटाशी धरला. "बिलकुल न्हाई! सगुणे, अगं नवरदेवाच्या अंगची हळद हाय ही!"

"तिलाच पोचवायची हाय ना? मंग तिनं पण थोडा जोर लावावा."

"लोक काय म्हणतील?"

"हळद आलीच न्हाई तर काय म्हणतील ते आधी सांगा."

द्वारकाबाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघं पाहुणे एकदम विहिरीकडे बघू लागलो. शेवटी त्यांनी डबा पुढे केला. "अर्धीच घे. अन् मी तिकडं बघते, मला दाखवू नको."

बाईनं कॅनमध्ये हळद कालवली, रेडिएटरमध्ये ओतली, वरून पाणी भरलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि पदर खोचून गुडघ्यांवर बसली. खालून पिवळी धार लागली. धारेचे थेंब झाले. थेंब दूर दूर पडू लागले. शेवटचा एक बराच वेळ लोंबकळत राहिला आणि तिथेच सुकला.

दहाला पाच कमी असताना मोटार मांडवासमोर उभी राहिली, डावीकडे वळल्यामुळे हॉर्न वाजवत.

नवरीच्या आईनं, केशरबाईंनी डबा उघडला. "एवढीशीच? अण्णासाहेबांच्या घरची हळद ही?"

द्वारकाबाईंना खोकला आला. "वाटेत... सांडली जरा..."

"सांडली न्हाई," सगुणाबाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली. "मी गाडीत ओतली. रेडिएटर फुटल्ता."

मागून वऱ्हाडाच्या जीपनं आलेले अण्णासाहेब गर्दीतून पुढे आले, लाल होऊन. "हळद पोचवायची म्हणल्तो मी! अर्धी न्हाई!"

हातांवरची काजळी तिनं पदराला पुसली नाही, लपवलीही नाही. "सगळी पोचली, अण्णासाहेब. अर्धी डब्यात हाय, अर्धी गाडीत. बोनेट उघडून मोजून घ्या."

आधी हसली ती नवरी. पाटावर बसलेली, हात पुढे करूनच ती म्हणाली, "आई, लाव गं. पुरती एवढी. मोटारीला माझ्या आधी लागली, तर लागू दे." मग बाया हसल्या, आणि त्या हसण्यात अण्णासाहेबांचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.

परतीच्या वाटेवरही मोटार थेंबभर गळली नाही.

सोमवारी सकाळी आम्ही मुद्दाम मोंढ्याकडून गेलो. टपरी जागेवर होती. सगुणाबाई पहारीनं दोन नवे खड्डे खणत होती, पुढे पत्र्याची सावली वाढवायला. भुजंगराव खुर्चीवरून खड्डा तिरका असल्याचं सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. एवढ्यात काळी मोटार आली. अण्णासाहेब स्वतः उतरले, खड्ड्यांकडे पाहिलं, घसा साफ केला.

"ती हळद काढून कथलाचा पक्का डाग मारून दे. जल्दी."

बाईनं पहार खाली ठेवली नाही.

"बसा अण्णासाहेब. तुमच्या आधी दोन गाड्या हायेत."