आप्पा मास्तरांची सव्वा मूठ

आप्पा मास्तर कारखान्यात पळायचे आणि कानबाईच्या वाटेवर रांगायचे. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या आमच्या शेडमध्ये ते माग दुरुस्त करणारे मास्तर; माग बंद पडला की कारागिराने हाक मारायच्या आत ते पान्हा घेऊन हजर. हाच माणूस श्रावणात कानबाई देवीच्या सणासाठी गावी निघाला की दोंडाईच्याला गाडीतून उतरल्यावर जीपकडे ढुंकूनही पाहत नसे. तीन कोस चालत जायचं, आणि तेही दर बांधावर थांबत. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "घाई कसानी शे? कानबाई काय पळी जास का?"

ते माझे भाऊबंदकीतले काका. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या खोल्या शेजारी होत्या. काकू लवकर गेल्या, तेव्हापासून घरात आप्पा आणि त्यांचा मुलगा गोकुळ, दोघंच. वाटेत आप्पा परक्याच्या कपाशीची पानं उलटून बघत, त्याला फवारणीवरून दोन शब्द सुनावत आणि त्याच्याच विहिरीवर भाकरी सोडून बसत. कांदाही त्याच्याच घरून मागवत. गोकुळ सुरतेत वाढलेला. तो गुजरातीत वैतागायचा, "पप्पा, चालो ने हवे." त्यावर आप्पा चपला काढून आणखी ऐसपैस बसत. मला दोघांचाही राग यायचा आणि मजाही वाटायची.

प्लेगच्या साली सुरत रिकामी झाली तेव्हा मात्र घाई आप्पांनीच केली. "तू निंघ, मी शेडनी चावी दीसन येस," गोकुळला म्हणाले. उधना स्टेशनात गाडीच्या दारांना माणसं लटकलेली होती. आप्पांनी गोकुळला पाठीमागून रेटून एका डब्यात चढवलं. मी मागच्या डब्यात कसाबसा शिरलो. नंदुरबारला उतरून त्याचा डबा पाहिला, तर तो नव्हता. दोंडाईच्यालाही उतरला नाही. दोन दिवसांनी आप्पा गावी पोचले आणि दारातच त्यांनी विचारलं, "गोकुळ कोठे शे?"

पुढे सगळं झालं. रेल्वे पोलीस झाले, दवाखाने झाले, रुळाकाठची गावं पालथी घातली. कुठे काही नाही, प्रेतसुद्धा नाही. मी त्याच्याच डब्यात चढलो असतो तर, हे मला अजून छळतं. आप्पांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या श्रावणात त्यांच्याबरोबर चालत जायला मी एकटाच उरलो होतो. वाट तीच, विहिरी त्याच. पण आता आप्पा कपाशीकडे बघत नव्हते. खिशातून गोकुळचा फोटो काढून निंदणीच्या बायकांना विचारत, "हाऊ पोऱ्या दखा का कोठे?" बाया पदराला हात पुसून फोटो घेत, नीट बघत आणि मान हलवत. एक गुराखी म्हणाला, सुरतेची सगळी पोरं अशीच दिसतात. आप्पांनी त्यालाही तंबाखू दिली आणि पुन्हा एका झाडाखाली बसले. बसणं वाढतच चाललं. दुपार कलली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना गावात पोचायचंच नव्हतं.

कारण तो शनिवार होता, गहू मोजायचा. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घालतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. माणूस मेला की त्याची मूठ बंद. त्या गव्हाचं दळण होतं आणि रविवारी त्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. आप्पांच्या घराच्या दरवर्षी दोन मुठी असत. या वर्षी किती, हे आप्पांनीच सांगायचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळ्या घरांचे गहू पाटीत पडले होते. आप्पांच्याच घराचे राहिले होते. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, पाटीपाशी बसून होते. माणूस वाईट नव्हता. जे विचारायला कुणी धजत नव्हतं ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं. तरी मला त्यांचा संताप आला.

"एकच ना?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"एकच," आप्पा म्हणाले. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठ भरून पाटीत सोडली, वर पाव मूठ घातली. "हाई गोकुळनी."

"अन् तुनी?"

"मनी ऱ्हाऊ दे. तूच म्हनना ना, एकच."

मोठ्या बाबांनी पाटी उचलायला हात लावला, पण त्यांना ती उचलेना. शेवटी मी उचलली आणि गिरणीत नेली. रविवारी सगळी पंगत रोट खायला बसली, तेव्हा आप्पा ओट्यावर बसून वाटेतली उरलेली भाकरी खात होते. ज्याची मूठ नाही त्याने रोट खायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला होता. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "तू जेव."

त्याच वर्षी थंडीत डिंडोलीच्या खोलीत ते गेले. पुढच्या श्रावणात त्यांची मूठ बंद करायची वेळ कुणावर आली नाही. मोठ्या बाबांनी कुणाला न विचारता गोकुळची तेवढी घातली.

आता मोठे बाबाही नाहीत, गहू मी मोजतो. गोकुळची सव्वा मूठ घालताना बायको दरवर्षी विचारते, "किती वर्षं घालणार?" तिला काय सांगू? ही मूठ बंद करायचा हक्क एकट्या आप्पांचा होता, आणि त्यांनी ती घातली.