चालू वर्तमानकाळातले दाजी

पडदा वर जातो तेव्हा मंचावर एक आरामखुर्ची, खुर्चीत आमचे दाजी आणि विंगेत, म्हणजे स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज. आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा. तिच्या लग्नापासून हाच अंक चालू होता आणि त्यात दाजींना एकच वाक्य होतं, "पाणी आण."

मी आयुष्यभर राजे, दरोडेखोर, बावळट जावई रंगवले. एकदा प्रेताचंही काम केलं. त्या प्रेतानंही दाजींपेक्षा जास्त हालचाल केली असेल. ते वखारीत मॅनेजर होते, तेही बसूनच. मला ते 'नाटक्या' म्हणत. मी मनातल्या मनात त्यांना काय म्हणे, ते छापण्याजोगं नाही.

त्यांची मुलगी दूरच्या शहरात, रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर. जावई परभाषिक, त्यामुळे घरात सगळं इंग्रजीत. रविवारी फोनच्या पडद्यावर पाच वर्षांची नात दिसे. बहीण हसून, पापे फेकून वेळ मारून नेई. दाजी मख्ख. एकदा पोरीनं आईला विचारलं, "त्या आजोबांना बोलता येत नाही का?" आईनं ते हसत मराठीत सांगितलं. दाजींना मात्र झोंबलं. दुसऱ्या दिवशी स्वारी शिकवणीला!

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "चालू वर्तमानकाळापासून सुरुवात करू. जे करताय ते करता करता मोठ्यानं बोलायचं."

दाजी घरी आले, खुर्चीत बसले आणि गरजले, "आय अ‍ॅम सिटिंग!"

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? बसलोच आहे अजून."

आतून बहीण म्हणाली, "जन्मभर बसलायत. आता इंग्रजीत बसा."

रविवारी नातीनं विचारलं, "व्हॉट आर यू डूइंग?" दाजी म्हणाले, "सिटिंग." पुढच्या रविवारीही सिटिंग. त्याच्या पुढच्या रविवारी पोरगी उत्तर न ऐकताच खेळायला पळाली. दाजी रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. चालू वर्तमानकाळाला काहीतरी करावं लागतं हो! या गृहस्थांकडे क्रियापदच नव्हतं.

मग एका रविवारी त्यांनी कांदा मागवला. मागवला म्हणजे बहिणीनं हातात आणून दिला, सुरीसकट. "आय अ‍ॅम कटिंग. आय अ‍ॅम क्रायिंग!" नात खिदळून लोळली. फोडी अशा की बहीण म्हणाली, "भाजीत घालू की दाराला अडसर लावू?" मी टाळी वाजवली नाही. तिनं संसारभर कांदे चिरले, तिला कुणी वाजवली होती?

दाजी मात्र तरंगत होते. आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. तेच इंग्रजीत घोळवून त्यांनी ऐटीत निरोप घेतला, "ओके, आय अ‍ॅम कमिंग!" आणि फोन बंद केला.

थोड्या वेळानं मुलीचा फोन. "बाबा, काय सांगितलंत तिला? बूट घालून दारात बसलीये. जेवायला उठत नाही. आजोबा येतायत म्हणते."

मी पोट धरून हसलो. "दाजी, भरतवाक्य चुकलं!"

"सांगून टाका, चुकून बोललो म्हणून," बहीण म्हणाली. तिचा आवाज मात्र हसरा नव्हता. मुलीचं घर तिनंही पाहिलं नव्हतं. का, तर यांची पाठ गाडीत अवघडते.

दाजी फोन धरून उभे होते. उभे! मी मनाशी पैज लावली, आता हा माणूस 'सॉरी' म्हणणार आणि खुर्चीत कोसळणार. इतक्या वर्षांचा माझा अंदाज कधी चुकला नव्हता.

"तिला दे," ते मुलीला म्हणाले. पडद्यावर आधी बूट आले, मग नात. दाजींनी घसा खाकरला.

"आय अ‍ॅम पॅकिंग."

मग जागचे न हलता, मान तेवढी स्वयंपाकघराकडे वळवून ओरडले, "अगं, आपली बॅग कुठे असते?"